लोणी ते कराड, जाऊन-येऊन

बिबवेवाडी, पुणे
१८ ऑगस्ट २००२

दीक्षा,

जय भीम. खुशाली विचारत नाही. विचारली की तू "बरी आहे" लिहितेस आणि पत्र संपवतेस. मागच्या पोस्टकार्डावर मजकुरापेक्षा पत्ता मोठा होता. हैदराबादला जाऊन सव्वा वर्ष झालं. चार वर्षं माझ्या घरात राहून इंजिनियर झालीस, बापाकडे सुट्टीपुरती जायचीस, आणि आता आत्याला पोस्टकार्ड. असो.

पत्र लिहायला कारण झालं. आमच्या गल्लीत दातांच्या डॉक्टरने बॅटरीची गाडी आणली आहे. दोन दारांची, खेळण्यातली वाटते. दवाखान्याच्या खिडकीतून वायर बाहेर काढतो आणि म्हशीला बांधावं तशी गाडीला बांधून ठेवतो. सगळी गल्ली बघायला उभी. पेपरवाला उत्तरेश्वर मोठा शहाणा, म्हणाला, "मावशी, धूर होत नाही असं नाही. धूर तिकडे कोळशाच्या केंद्रात होतो, आपल्याला दिसत नाही एवढंच." मी म्हटलं, "आणि तुझ्या लुनात घालतोस त्या पेट्रोलचं काय? पंपाखाली विहीर आहे का? जमिनीतून काढायला, जहाजातून आणायला, तापवायला, टँकरमधून फिरवायला काही जळत नाही?" तर म्हणतो, "किती जळतं?"

तुझा प्रोजेक्ट हाच होता. माझ्या स्वयंपाकघरात बसून केलास. मेसच्या दोनशे पोळ्या लाटताना मी रोज ऐकला, आणि आकडा म्हणून एक आठवेना. तेवढे आकडे पाठव. चौथी पास बाईला समजतील असे.

तुझे मामा ठीक. गुडघा धरतो, पण पोपटशेठचा टँकर अजून तेच चालवतात. लोणीच्या डेपोत पेट्रोल भरायचं, कराडच्या पंपावर उतरवायचं, परत यायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दुसरं काम बघितलं नाही.

फोन करू नकोस. फोनवर मला फक्त भांडता येतं. आणि त्या परीक्षेच्या दिवसाचं मनात ठेवू नकोस. झालं ते झालं.

तुझी,
सुंदरा आत्या


हैदराबाद
२ सप्टेंबर २००२

आत्या,

सप्रेम जय भीम.

विचारलंस म्हणून लिहिते. गाडीच्या टाकीत शंभर भाग पेट्रोल पडतं तेव्हा ते तिथवर आणताना आणखी पंधरा-वीस भाग जळून गेलेले असतात. थोडे तेलाच्या विहिरीवर, थोडे जहाजात, आणि सगळ्यात जास्त रिफायनरीत, कच्चं तेल तापवताना. पुढे इंजिन पाचातले चार भाग उष्णतेत घालवतं आणि एक चाकाला देतं.

वीजही काही सोवळी नाही. कोळशाचे शंभर भाग जाळले की तीसेक भाग तारेत येतात, त्यातले काही वाटेत गळतात. बॅटरीची गाडी मात्र जे मिळेल ते फारसं वाया घालवत नाही. म्हणजे उत्तरेश्वर निम्मा बरोबर आहे. बाबा वीज केंद्रात नोकरीला, गच्चीवरच्या कपड्यांवरची राख मी लहानपणापासून झटकली आहे. मला बॅटरीला जिंकवायचं नव्हतं. लोक एका गाडीचा धूर मुळापासून मोजतात आणि दुसरीचा पंपापासून पुढे, एवढंच दाखवायचं होतं.

पण हे माझं म्हणून कोणाला सांगू नकोस. तो प्रोजेक्ट खोटा ठरलेला आहे. तू "मनात ठेवू नकोस" लिहिलंस. तुला काय झालं ते पूर्ण माहीत नसावं, म्हणून सांगते.

बाकीचे सगळे आकडे पुस्तकांतले होते. एकच मी स्वतः मिळवला होता: मामांचा टँकर लोणी ते कराड जाऊन-येऊन शंभर लिटर डिझेल पितो. तो तू सांगितलास. बाहेरून आलेले परीक्षक त्याच ओळीवर थांबले. म्हणाले, "वीस वर्षं ट्रक तपासतो आहे. ही गाडी एवढं पीत नाही. पेट्रोल वाईट दिसावं म्हणून तुम्ही आकडा फुगवलाय." मी म्हटलं, ड्रायव्हर माझे मामा आहेत. म्हणाले, "मग आणा त्यांना. तासभर आहे मी इथे." मी बूथवरून तुझ्या शेजारी मथुराबाईंकडे फोन केला. तू म्हणालीस, मामा फेरीवर गेलेत.

माझ्या गाईड सुहासिनी मॅडमनी बॅटरीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या एका लॅबसाठी माझं नाव दिलं होतं. ते त्यांनी मागे घेतलं. म्हणून मी इथे आहे.

आता त्यांचंच पत्र आलंय. लॅब परत एक जागा भरते आहे. ३१ ऑक्टोबरपर्यंत काम नव्याने पाठव, प्रत्येक आकड्याखाली तो कुठून आला ते लिही, असं म्हणतात. दुसरी संधी कोणाला मिळत नाही, मला मिळाली आहे.

म्हणून एकदाच विचारते. शंभर लिटर हे खरं होतं का?

दीक्षा


बिबवेवाडी
१४ सप्टेंबर २००२

दीक्षा,

पत्र वाचता वाचता चहा गार झाला. आकडे मागितले तर माझीच चौकशी लावलीस.

शंभर म्हणजे शंभर. पोपटशेठ दर फेरीला शंभर लिटरची चिठ्ठी देतो, ती डेपोजवळच्या पंपावर दाखवली की डिझेल मिळतं. ती चिठ्ठी मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे, एकदा नाही, शंभरदा. तुझा परीक्षक ट्रक तपासत असेल. भरलेला टँकर खंबाटकीच्या घाटात चढवला आहे का त्याने? पंख्याखाली बसून गाड्यांचं पोट कळत नाही.

मामांनी इतकी वर्षं गाडी चालवली, कुठे ठोकली नाही, एक थेंब पेट्रोल कमी उतरवलं नाही. पंपावर पितळेची पट्टी टाकीत घालून मोजतात, तिथे कधी शब्द आला नाही. त्यांना या वयात तुझ्या कागदात ओढू नकोस. त्या दिवशी ते फेरीवरच होते.

तुला जागा मिळायची असेल तर मिळेल. हुशार आहेस. आकडा तोच लिही आणि खाली माझं नाव घाल. मी कोणाला भीत नाही.

उत्तरेश्वरला तुझं पंधरा-वीस भागांचं सांगितलं. म्हणाला, "मावशी, तुम्ही कॉलेज काढा." मी म्हटलं, "तू ये पहिल्या बाकावर."

आत्या


हैदराबाद
५ ऑक्टोबर २००२

आत्या,

मी विचारलं होतं गाडी किती डिझेल पिते. तू लिहिलंस पोपटशेठ किती डिझेल देतो. ही दोन वेगळी उत्तरं आहेत. तू चौथी पास म्हणवतेस, पण एवढा फरक तुला माझ्या मॅडमच्या आधी कळतो, हे मला ठाऊक आहे. भाजीवाल्याला तू "तागडीत किती आणि पिशवीत किती" असं विचारतेस.

गेल्या रविवारी इथल्या ट्रकअड्ड्यावर गेले होते. तीन ड्रायव्हरांना विचारलं, कराडएवढ्या अंतराला किती लागतं. तिघंही हसले. एक म्हणाला, "बेटी, चिठ्ठीतलं सांगू की टाकीतलं?"

मला कोणाला पकडून द्यायचं नाही. पोपटशेठचं नाव लिहिणार नाही, मामांचंही नाही. फक्त खरा आकडा हवा. तो कमी असला तर मी कमी लिहीन. पोस्टाला पाच दिवस लागतात, म्हणजे २३-२४ तारखेला टाकलंस तरी चालेल.

तू काहीच लिहिलं नाहीस तर ती ओळ रिकामी ठेवीन. शंभर पुन्हा लिहिणार नाही.

दीक्षा


बिबवेवाडी
२४ नोव्हेंबर २००२

दीक्षा,

तुझी तारीख गेली हे मला माहीत आहे. कॅलेंडर चुलीच्या वरच टांगलेलं आहे. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कणीक मळायला उठले. त्याचं कौतुक सांगत नाही, तसं झालं एवढंच.

ऐंशी. गाडी ऐंशी पिते. वीस लिटर शिरवळच्या पुढे एका ढाब्यावर उतरतात. दहा-दहाचे दोन कॅन, टाकीला नळी लावून. मी एकदाच बघितलं. तू यायच्या कितीतरी आधी कराडला एका लग्नाला मामांबरोबर गेले होते, केबिनमध्ये बसले होते. त्यांनी कॅन भरले, मी दुसरीकडे तोंड केलं. त्यानंतर ते कधी बोलले नाहीत, मी कधी विचारलं नाही. फेरीहून आले की पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली काहीतरी ठेवायचे. मी ते काढून घ्यायची. तुझ्या चार वर्षांचा भाजीपाला, दूध, परीक्षेच्या वेळची फळं, सगळं त्या झाकणाखालून आलं. मेसच्या पोळ्यांवर तीन माणसांचं घर चालत नाही.

म्हणून तू विचारलंस तेव्हा मी चिठ्ठीतला आकडा सांगितला. विचार केला, ऐंशी सांगितलं तर पोरगी हुशार आहे, उरलेले वीस कुठे गेले ते लगेच विचारील.

त्या दिवशी मामा घरात होते. कॉटवर आडवे पडून पेपर वाचत होते. मथुराबाईंनी फोनला हाक मारली, मी गेले. तू म्हणालीस, मामांना घेऊन ये, साहेबांना डिझेल किती लागतं ते सांगायचंय. म्हटलं, नवरा चार साहेबांपुढे उभा राहणार, तोंडातून एक शब्द चुकीचा निघाला तर नोकरी गेली, वर चोर म्हणून बोभाटा. मी "फेरीवर गेलेत" म्हटलं आणि फोन ठेवला. घरी आले. त्यांनी विचारलं, "कोणाचा होता?" मी म्हटलं, "चुकून लागला होता."

परवा त्यांना सगळं सांगितलं. तुझी पत्रं वाचून दाखवली. वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "अगं, पोपटशेठला माहीत आहे."

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"ऐंशी लागतं ते. पगार त्याने कधी वाढवला नाही, म्हणून तर शंभरची चिठ्ठी देतो. वरचं डिझेल ड्रायव्हरचं. सगळ्या मालकांचं असंच चालतं. चोरी असती तर ऐंशीचीच दिली असती."

"मग कॅन लपवून का भरत होता?"

"लपवून कुठे? ढाब्याच्या दारात भरत होतो. तोंड तू फिरवलंस."

मग म्हणाले, "पोरीने बोलावलं होतं तर गेलो असतो. शर्ट बदलला असता आणि गेलो असतो. ऐंशी म्हणालो असतो, त्यात काय." आणि पानाला चुना लावायला लागले.

दीक्षा, मला वाटत होतं मी माझ्या माणसाला वाचवते आहे. त्याच्यावर काही संकटच नव्हतं. जे होतं ते तुझ्यावर होतं, आणि तिकडे मी बघितलं नाही. घरात विचारायला एक मिनिट लागलं असतं. इतक्या वर्षांत ते एक मिनिट मला मिळालं नाही.

माफ कर असं लिहिणार नाही. ते लिहून तुझी जागा परत येत नाही.

आत्या


हैदराबाद
९ डिसेंबर २००२

आत्या,

काम मी ३० ऑक्टोबरला पोचवलं, टँकरची ओळ रिकामी ठेवून. मॅडमनी कळवलं की बाकी सगळं नीट आहे, पण असे पुस्तकी तक्ते लॅबकडे ढिगाने येतात. स्वतः मिळवलेला तो एकच आकडा वेगळा ठरला असता. जागा दुसऱ्या मुलाला गेली.

तुझं पत्र आल्यावर ऐंशी धरून तक्ता पुन्हा मांडला. टँकरमध्ये बारा हजार लिटर पेट्रोल असतं. ते पोचवायला ऐंशी लिटर डिझेल. शंभरात एक भागसुद्धा नाही. शंभर धरा नाहीतर ऐंशी धरा, शेवटचं उत्तर हलत नाही. सगळा मोठा खर्च रिफायनरीत आणि इंजिनात आहे. ज्या वीस लिटरांवरून मला खोटी ठरवलं, ते माझ्या तक्त्यात शोधूनही दिसत नाहीत.

हे रागाने लिहीत नाही. राग आहे, तो वेगळा.

आणि त्या झाकणाखालचं. ते तू आधी सांगायला हवं होतंस, नाहीतर सांगायलाच नको होतं. आता मला ताटावर बसलं की आठवतं.

काही दिवस लिहू नकोस.

दीक्षा


बिबवेवाडी
१२ जानेवारी २००३

दीक्षा,

लिहू नकोस म्हणालीस. लिहिते आहे. वाचायचं नसेल तर पहिला भाग सोड आणि खालचा आकडा बघ.

बुधवारी मामांबरोबर कराडला गेले. मेसला एक दिवस सुट्टी सांगितली, पोरं ओरडली, ओरडू देत. निघताना डेपोजवळच्या पंपावर डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरली. मी खाली उतरून वाकून बघितलं. जाऊन आलो आणि त्याच पंपावर, त्याच नळीने परत गळ्यापर्यंत भरली. मीटरवर जे आलं ते गाडी प्यायली. मामा म्हणाले, मोजायची पद्धत हीच, दुसरी नाही.

चौऱ्याऐंशी लिटर.

मी विचारलं, ऐंशीचं चौऱ्याऐंशी का? तर डेपोबाहेरच्या रांगेत आम्ही पावणेतीन तास होतो. गाड्या हातभर पुढे सरकतात आणि थांबतात. निम्मे ड्रायव्हर इंजिन बंद करत नाहीत, म्हातारे स्टार्टर परत लागतील याचा भरवसा नसतो. आमचंही चालूच होतं. माझ्या पुढे सव्वीस टँकर होते, मोजले. पेट्रोल अजून डेपोच्या बाहेरही निघालं नव्हतं आणि त्याच्यासाठी जळायला सुरुवात झाली होती.

दुसरं. कराडच्या पंपावर लाईट गेली होती. पंपवाला जनरेटर लावून पेट्रोल वर खेचत होता. म्हणाला, दिवसातले पाच तास हेच, तासाला अडीच लिटर डिझेल. तुझ्या तक्त्यात हे दोन्ही नव्हतं असं मला आठवतं. असेल तर सोडून दे.

शिरवळच्या पुढे ढाबेवाला कॅन घेऊन आला. मामा म्हणाले, "आज नाही." त्याने केबिनमध्ये मला बघितलं आणि विचारलं, "वहिनी आहेत म्हणून?" मामा म्हणाले, "नाही रे, मोजणी चालू आहे." या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

खाली मामांची सही आहे. लायसन्सचा नंबर त्यांनी आपणहून कागदाच्या मागे घालायला लावला. कोणाला दाखवायचं असेल तर दाखव, नाव झाकू नकोस, असं त्यांनीच सांगितलं आहे.

एका दिवसाचं काम होतं. पावणेदोन वर्षांपूर्वी करता आलं असतं. रांगेत बसल्या बसल्या हेच डोक्यात फिरत होतं, दुसरं काही सुचलं नाही.

आत्या

फेरी लोणी ते कराड, जाऊन-येऊन, ८ जानेवारी. ८४ लिटर.
सही: कचरू


हैदराबाद
२७ जानेवारी २००३

आत्या,

कागद मिळाला.

ती जागा आता येणार नाही, हे तुला कळलंच आहे. मॅडमही मेमध्ये निवृत्त होतात. मी इथे एका अमेरिकन विमा कंपनीच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते. काम वाईट नाही, लोक चांगले आहेत. पण दिवसभरात मी ज्या गोष्टी दुरुस्त करते त्यांना वास नसतो, वजन नसतं. तुझा कागद मी डब्याच्या पिशवीत घालून आठवडाभर ऑफिसला नेला आणि परत आणला.

रांगेचं आणि जनरेटरचं माझ्या तक्त्यात नव्हतं. मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भरलेली गाडी जाताना किती प्यायली आणि रिकामी येताना किती, हे वेगळं मोजलंस का? त्यासाठी कराडलाही टाकी गळ्यापर्यंत भरावी लागते. आणि जनरेटरचे अडीच लिटर पंपवाल्याने सांगितले तेवढेच धरलेस, की तूही बघितलंस?

मामांना सही नीट आली आहे म्हणून सांग.

दीक्षा


बिबवेवाडी
४ फेब्रुवारी २००३

दीक्षा,

वेगळं मोजलं नाही. जनरेटरचं त्याने सांगितलं तेच लिहिलं. माणूस खरा वाटला, पण वाटण्यावर मी आता जात नाही. थांबून बघायला हवं होतं.

पोपटशेठ मार्चअखेर टँकर विकतो आहे. कोणी मोठा कंत्राटदार येणार, एकदम चाळीस गाड्या घेऊन. मामा घरी बसणार. मग मोजायला गाडी राहणार नाही.

आठ मार्चला शनिवार आहे, त्या दिवशी कराडची फेरी आहे, मामांनी मागून घेतली आहे. कराडला टाकी कशी भरायची, काय लिहायचं, ते मला कागदावर समजत नाही. येऊन दाखव. राग सोडून ये असं म्हणत नाही.

सकाळी पाचला निघावं लागतं, नाहीतर रांग वाढते. केबिनमध्ये तिघं बसतात.

आत्या